काठ कोसळतो तो कोणाच्या नावचा?

(शेतकरी बायांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळी गटचर्चेत एक बाई म्हणाली, "ओढ्यानं माझ्या रानाच्या चार सऱ्या नेल्या." पंचनामा करणाऱ्याने तिला एकच प्रश्न विचारला होता, "सातबारावर नाव कुणाचं?" नाव सासऱ्याचे. ते वारले, त्यालाही नऊ वर्षे झाली. वारसनोंद कोणी केलीच नाही. नांगरटीपासून खळ्यापर्यंत राबणारी ही बाई, पण सरकारदरबारी तिचे काहीच बुडाले नव्हते.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांच्या काठची कितीतरी जमीन खरवडून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. यातली रोख मदत आपत्ती निवारणाच्या केंद्रीय निकषांनुसार होती, आणि गेलेल्या जमिनीची मालकी महसुली नोंदीत हवी अशी त्या निकषांतली अट होती. म्हणून पहिले काम सातबाऱ्याचे. वारसनोंद करून घ्या. भाऊ हक्कसोडपत्र पुढे करील तेव्हा सही-अंगठा करण्याआधी चारदा विचार करा.

पण बायांनो, जमीन गेल्यावरची भरपाई ही एक गोष्ट आणि काठ राखणे ही दुसरी. आपण भरपाईच्या रांगेतच अडकतो. पुढच्या पावसात तोच काठ पुन्हा कोसळतो.

ओढा सरकारचा आहे, हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० वाचा. नद्या, नाले आणि त्यांचे तळ सरकारच्या मालकीचे आहेत. वाळूचा लिलाव करताना सरकारला ही मालकी बरोबर आठवते. मग काठ ढासळताना "तुमचं तुम्ही बघा" कसे चालेल?

काठ का ढासळतो, तेही समजून घेऊ. वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर असतो आणि ते काठाचा पाय पोखरते. वाळू उपसली, जेसीबीने नाला खोल केला, की तळ खाली जातो. मग काठ उंच, उभा आणि अधांतरी राहतो. करंज, निरगुडी तोडली की माती धरायला मुळेही उरत नाहीत. अशा वेळी वरून दगड ओतून भागत नाही. पायाला जाळीत बांधलेले दगड, वर उतार काढलेला काठ, त्यावर वाळा, निरगुडी, बांबू, असे काम लागते. आणि उपसा चालूच राहिला तर तेही टिकत नाही. त्यामुळे वाळूउपशाची तक्रार तहसीलदाराकडे वेगळी द्या.

आणखी एक. एकट्याने आपल्यापुरती भिंत घातली, तर पाणी समोरच्या काठावर आपटते. तिकडे दुसरीचे रान असते. म्हणून अर्ज एकीचा नको, ओढ्याकाठच्या सगळ्याजणींचा हवा.

तो कसा करायचा? पावसाळ्याआधी आणि नंतर सगळ्याजणी मिळून ओढ्याच्या काठाने चाला. गट नंबर, कोसळलेली लांबी, झाडे, विहिरी लिहून घ्या. एकाच जागी उभ्या राहून दोन्ही वेळा फोटो काढा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे ग्रामपंचायतीवर कायद्याने बंधनकारक आहे. तिथे ठराव मांडा, ग्रामसभेत तो मंजूर करून घ्या आणि काम गावाच्या आराखड्यात घालायला लावा. ठरावाची प्रत तहसीलदार, पंचायत समिती आणि मृद व जलसंधारण विभागाला द्या. एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवील, म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी द्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका. उत्तर नाही आले, तर माहितीच्या अधिकारात फाइल कुठे आहे ते विचारा.

काम मंजूर झाले की नवा डाव सुरू होतो. दगडाचे काम ठेकेदाराला, आणि रोपांना पाणी घालायचे बचतगटाने, तेही 'श्रमदाना'ने! याला साफ नाही म्हणा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, माती वाहिली ती बायांनीच. त्या कामांतूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा उभा राहिला. बांधबंदिस्ती आपल्याला नवी नाही. योजनांची नावे आणि कायदे बदलत राहतील, पण आपली मागणी एकच राहील: काठाच्या कामाला मजुरी, हजेरीपटावर आपले नाव, आणि काम कुठे व्हायचे हे ठरवताना आपला शब्द.

सकाळच्या त्या बाईने जेवणाच्या सुट्टीत वारसनोंदीचा अर्ज लिहून घेतला आहे. उद्या ती तो द्यायला जाईल. तिच्याबरोबर कोण कोण जाणार, एवढे ठरवूनच आपण आज उठू या.