गर्भ कधी रुजतो?



“पाळीला चार दिवस आहेत, काल तपासलं, काही निघालं नाही,” असं म्हणून पुष्कळ जणी निर्धास्त होतात आणि मग कोणी सांगेल ते औषध घेतात. इथंच घोटाळा होतो. म्हणून आज हा दिवसांचा हिशेब समजून घेऊ या.

पेरलं की लगेच उगवत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. गर्भाचंही तसंच आहे. स्त्रीबीज बीजकोशातून सुटतं ते पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. ते जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्रजंतू मात्र ५ दिवसांपर्यंत जगतात, बरं का! दोहोंची गाठ पडते गर्भनलिकेत. फळलेलं बीज तिथून ३-४ दिवसांनी गर्भाशयात उतरतं, तिथंही एक-दोन दिवस मोकळंच असतं, आणि मग अस्तरात रुजू लागतं. बीज सुटल्यापासून हे ६ ते १२ दिवसांत घडतं. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायकांची रोजची लघवी तपासली होती. टिकलेल्या गर्भांपैकी शेकडा ८४ गर्भ ८व्या, ९व्या किंवा १०व्या दिवशी रुजले होते.

समजा, तुमची पाळी १ तारखेला आली आणि ती दर २८ दिवसांनी येते. बीज सुटेल १४च्या सुमारास, गर्भ रुजेल बहुधा २२ ते २४ला. पट्टीवर दुसरी रेघ ज्या द्रव्यामुळे उमटते, ते रुजल्यावरच अंगात वाढू लागतं. मग २५ला तपासून “नाही” आलं, तर ते खरं कसं मानायचं? पाळी ३५ दिवसांची असेल तर सारंच आठवडाभर पुढं सरकतं.

रुजताना थोडा डाग दिसतो असं म्हणतात. काहींना दिसतो, बहुतेकींना नाही. त्यावर विसंबू नका.

पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. “नाही” आलं आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करा. तपासणीचा संच आशाताईंकडे मोफत मिळतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती मुख्यतः बीज सुटणं लांबवते, रुजलेल्या गर्भावर तिचा उपयोग नाही.

क्वचित गर्भ नलिकेतच रुजतो. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली, घेरी आली, तर घरी थांबू नका. थेट दवाखाना गाठा, रात्र असली तरी.