कोठेच न जाणारा रस्ता
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचे व्याख्यान आमच्याकडे आले, यात आमच्या वक्तृत्वापेक्षा आमच्या कन्येच्या अटलांटा येथील वास्तव्याचा वाटा अधिक आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात रीतसर परवानगी आणि अर्जित रजा मिळवून आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. महानगरांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली असतील. आम्ही बोलणार आहोत ते दक्षिण अ‍ॅपलेशियन पर्वतातील घाटरस्त्यांविषयी, आणि त्यांतही एका अपुऱ्या राहिलेल्या रस्त्याविषयी.

हा पर्वत सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी घडला. ऊनपावसाने झिजून त्याचे माथे गोलसर झाले आहेत. सह्याद्रीसारखे ताशीव कातळकडे तेथे क्वचितच दिसतात. दिसतात त्या एकीमागे एक विरत जाणाऱ्या निळ्या रांगा. झाडांतून हवेत मिसळणाऱ्या वायूंमुळे हे निळसर धुके दाटते, असे शास्त्रज्ञ सांगतात. ब्लू रिज, स्मोकी ही नावे त्यावरूनच पडली. आम्ही गेलो तेव्हा मेपलची पाने लाल आणि हिकरीची पिवळी झाली होती.

या माथ्यांवरून ब्लू रिज पार्कवे नावाचा ४६९ मैलांचा रस्ता व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलायनात उतरतो. महामंदीत बेकार झालेल्यांना काम मिळावे, हाही त्यामागे हेतू होता. आपल्या रोजगार हमीच्या कामांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. १९३५ साली काम सुरू झाले आणि १९८७ साली संपले. शेवटचा तुकडा ग्रँडफादर माउंटनच्या कुशीतला. डोंगर पोखरावा लागू नये म्हणून तेथे १५३ घडीव काँक्रीट तुकडे जोडून नागमोडी पूल बांधला आहे. मार्गावर २६ बोगदे आहेत, मालवाहू ट्रकांना मज्जाव आहे आणि वेगमर्यादा ताशी ४५ मैलांहून अधिक नाही. आम्ही परतल्यावर वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, हेलेन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनातील या मार्गाचे अनेक ठिकाणी लचके तोडले. ते वृत्त वाचताना घरचाच घाट खचल्यासारखे वाटले.

आडवाटा याहून अवघड. न्यूफाउंड गॅपची खिंड ५,०४६ फुटांवर आहे. तिच्या पलीकडे टेनेसीच्या उतारावर रस्ता स्वतःलाच वळसा घालून स्वतःच्याच खालून जातो. डील्स गॅपजवळ ११ मैलांत ३१८ वळणे आहेत, असे सांगतात. सौभाग्यवतींनी ती मोजावयास आरंभ केला. पंधराव्या वळणावर मोजणी थांबून रामरक्षा सुरू झाली. उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावे, हा आपल्या घाटातला जुना धडा तेथेही लागू पडतो. जावईबापूंना तो सांगण्याचे समाधान आम्ही सोडले नाही.

शेवटच्या दिवशी ब्रायसन सिटी या लहानशा गावातून आम्ही निघालो. रस्ता उत्तम, रहदारी जवळजवळ नाही. काही मैल गेल्यावर सुमारे १,२०० फूट लांबीचा बोगदा आला. गाडी अलीकडेच सोडावी लागते. विजेरीच्या उजेडात आम्ही पलीकडे गेलो, तो पुढे रस्ताच नाही. केवळ रानातली पायवाट.

दुसऱ्या महायुद्धात विजेची निकड होती, म्हणून तेथे फोंटाना धरण बांधले गेले. जलाशयाने जुना रस्ता गिळला, शेकडो कुटुंबे उठली आणि उत्तर तीरावरची जमीन राष्ट्रीय उद्यानात गेली. दोन डझनांहून अधिक दफनभूमी मागे राहिल्या. त्यांच्यापर्यंत जाता यावे म्हणून नवा रस्ता बांधून देऊ, असा करार सरकारने १९४३ साली केला. सातेक मैल आणि एक बोगदा झाल्यावर काम थांबले. उघड्या पडलेल्या खडकातून आम्ल झिरपून ओढे नासतात, असे आढळले होते. खर्चही फार होता. अखेर २०१० साली रस्त्याऐवजी त्या काउंटीला ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे ठरले. लोकांनी त्या मार्गाला नाव दिले: कोठेच न जाणारा रस्ता. वर्षातून ठरावीक दिवशी उद्यानाचे कर्मचारी त्या कुटुंबांना होडीतून पलीकडे नेतात. वंशज थडगी साफ करतात, फुले वाहतात, एकत्र जेवतात आणि परत फिरतात.

त्या बोगद्याच्या तोंडाशी आम्हांस एक फाइल आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी, परप्रांतातील एका कचेरीत असताना, एक म्हातारा शेतकरी आमच्यासमोर उभा राहिला होता. त्याचे गाव प्रकल्पाच्या कुंपणाआड गेले होते. मोबदल्याविषयी त्याची तक्रार नव्हती. ग्रामदेवतेच्या जत्रेला वर्षातून एक दिवस आत जाण्याची वाट हवी, एवढेच त्याचे मागणे. आम्ही शेरा लिहिला, ‘यथावकाश विचार व्हावा.’ पुढे आमची बदली झाली. शेऱ्यात नियमबाह्य असे काही नव्हते, आणि नेमके तेच आता टोचते. परत आल्यावर त्या कचेरीस आम्ही पत्र लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही; म्हणून दुसरेही लिहिले आहे.

बंधुभगिनींनो, आपणही गावापासून दूर राहतो. परंतु कुलदैवताला जाण्याची वाट आपल्याला कोणी अडवलेली नाही. मंडळाने पन्नास वर्षे गणपती बसवले, मुलांना बाराखडी शिकवली, ती ही वाट मोडू नये म्हणूनच. येथे आमच्यासारखे सरकारी सेवेतील पुष्कळ जण बसले आहेत. त्यांना एवढीच विनंती, की ‘यथावकाश’ हा शब्द लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबावे. समोरच्या माणसाचा रस्ता कदाचित तेथेच संपत असेल.