अर्धांगवायूनंतर वजने उचलावीत काय?
(तंजावूर येथील व्याख्यान)

आपण ज्याला अर्धांगवायू म्हणतो, त्याला आपले तमिळ शेजारी पक्कवादम म्हणतात. दोन्ही भाषांनी दोष वाताला दिला आहे. वस्तुतः मेंदूतील एखादी रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. हातापायांचे स्नायू आरंभी शाबूतच असतात. मेंदूची आज्ञा पोचत नाही म्हणून ते स्वस्थ पडतात आणि स्वस्थ पडल्यामुळे आणखी क्षीण होतात. ही दुसरी क्षीणता पुष्कळ अंशी टाळता येते. घरची माणसे मात्र मायेपोटी रुग्णाला उठूच देत नाहीत!

वजनांविषयीचे भय केवळ घरातले नव्हते. बर्टा बोबाथ यांचा या विषयावरील ग्रंथ १९७० साली निघाला. जोर लावल्याने अवयवांचा ताठरपणा वाढतो, या त्यांच्या मताचा पगडा उपचारतज्ज्ञांवर दीर्घकाळ राहिला. १९९० नंतरच्या चाचण्यांत ती भीती खरी ठरली नाही. बळ वाढले, ताठरपणा वाढला नाही. तथापि, बळ आले म्हणजे चाल आपोआप सुधारते असेही नव्हे. चालण्याचा सराव वेगळा करावाच लागतो.

दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) याच नगरीत धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदविले. तेव्हा तालमीतला उपाय रुग्णालयात आला म्हणून तंजावूरकरांनी तरी बिचकू नये.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली सुचविलेले प्रमाण असे: आठवड्यातून दोन-तीन दिवस, मोठ्या स्नायूंचे आठ-दहा व्यायाम, प्रत्येकाची दहा ते पंधरा आवर्तने, आणि वजन, एका वेळी जास्तीत जास्त जेवढे उचलवते त्याच्या निम्म्यापासून ऐंशी टक्क्यांपर्यंत. आरंभ अर्थात याहूनही हलका असावा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे हीच पुष्कळांची पहिली बैठक. तेथे स्वतःचा देह हेच वजन. पुढे घोट्याला वाळूची लहानशी पिशवी बांधता येते. लुळ्या खांद्याला मात्र ओझे लटकवू नये, सांधा निखळतो.

रक्तदाब आटोक्यात आहे ना, हे डॉक्टरांकडून आधी पाहून घ्यावे. आणि वजन उचलताना दम कोंडू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास चालू राहतो. वाचा गेलेल्या रुग्णालाही पुष्कळदा आकडे ओळीने म्हणता येतात. मग ते मराठीत असोत वा तमिळात.