सागरराणी आणि जावाचे सिंहासन

जावाच्या लोककथेत दक्षिण सागराची स्वामिनी रातू किडुल मातारामच्या सेनोपातीला वरते. त्याच्या वंशातील प्रत्येक राजा तिचाच पती मानला जातो. १७५५ मध्ये राज्य दुभंगले, तरी योग्यकार्ता आणि सुरकार्ता या दोन्ही घराण्यांनी कथेवरील हक्क सोडला नाही. योग्यकार्ताचे मुस्लिम सुलतान आजही पारांगकुसुमोच्या किनाऱ्यावर तिला वस्त्रे, आपले केस आणि नखे अर्पण करवितात. आणि हेच सुलतान इंडोनेशियाच्या २०१२ च्या कायद्यान्वये निवडणुकीविना प्रांताचे राज्यपालही असतात! म्हणूनच २०१५ मध्ये दहाव्या हामेंकुबुवोनोंनी ज्येष्ठ कन्येला वारस म्हणून पुढे केले, तेव्हा भावांनी विरोध केला. सागरराणीशी विवाह कोणाचा, हेही विचारले गेले. २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने राज्यपालपद स्त्रीला खुले केले. विवाहाचा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता.