सार्वजनिक वाय-फाय : सोय आणि सावधगिरी



माझें हें भाषण या क्षणीं आपल्या घरांत ऐकूं येत आहे. पण ज्याच्याजवळ रेडिओ आहे त्या कोणाच्याही घरीं तें तसेंच पोंचतें. लहरींना घराचा पत्ता ठाऊक नसतो. वाय-फायची सोयही लहरींवरच चालते. भेद इतकाच कीं, तेथें बोलणारे आपण असतों, आणि त्या बोलण्यांत आपला पासवर्ड व पेन्शनीचा हिशेब असतो.

जानेवारी २०१६ मध्यें रेलटेल आणि गूगल यांनीं मिळून मुंबई सेंट्रल स्टेशनावर अशी विनामूल्य सोय सुरू केली. पुढें ती देशांतील हजारों स्टेशनांवर गेली. ती वापरूंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. मात्र भय नेमकें कोठें आहे हें जाणून वापरावी.

पूर्वी मुख्य भय होतें तें चोरून ऐकणाऱ्याचें. ज्या वाय-फायला पासवर्ड नाहीं, तेथील संदेश उघड्या पोस्टकार्डासारखे जातात. २०१० सालीं फायरशीप नांवाचें एक साधन निघालें, आणि शेजारीं बसलेल्याच्या फेसबुक-खात्यांत शिरणें सामान्य मनुष्यासही साधूं लागलें. आज बहुतेक संकेतस्थळें आपला मजकूर सांकेतिक रूपांत बंद करून पाठवितात. पत्त्याच्या आरंभीं एचटीटीपीएस हीं अक्षरें असलीं, म्हणजे पोस्टकार्डाऐवजीं लाखबंद पाकीट चाललें आहे असें समजावें. पण पाकीट घेणारा सज्जन आहे, अशी हमी ती लाख देत नाहीं.

म्हणून आजचें मोठें भय निराळें आहे. वाय-फायचें नांव ही त्याची ओळख नव्हे. तें नांव कोणीही धारण करूं शकतो. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियन पोलिसांनीं एका मनुष्यावर खटला भरला. पर्थ, मेलबर्न व ॲडिलेड येथील विमानतळांवर आणि विमानांतही त्यानें खऱ्यासारख्या नांवाचें खोटें वाय-फाय उभें केलें, असा त्याच्यावर आरोप होता. प्रवासी जोडला जातांच पडद्यावर एक पान येई, आणि तें ई-मेलचा किंवा समाजमाध्यमाचा पासवर्ड मागे. येथें कुलूप फोडावें लागत नाहीं. मालकच किल्ली हातीं देतो. आणि ई-मेलची किल्ली गेली, म्हणजे इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा मार्गही त्याच हातीं जातो.

यावरून चार नियम निघतात. पहिला, स्टेशनावर किंवा उपाहारगृहांत वाय-फायचें नेमकें नांव तेथील माणसास विचारून घ्यावें. दुसरा, जोडणी करतांना मोबाईलचा क्रमांक व त्यावर आलेला ओटीपी मागितला जाणें समजण्यासारखें आहे; परंतु ई-मेलचा पासवर्ड, एटीएमचा पिन किंवा बँकेचा ओटीपी मागितला, तर तत्काळ बाहेर पडावें. तिसरा, बँकेचा व्यवहार आपल्या मोबाईलच्या स्वतःच्या इंटरनेटवरच करावा, आणि पडद्यावर सुरक्षिततेची सूचना आली तर ती डावलून पुढें जाऊं नये. चौथा, काम झालें कीं तें वाय-फाय फोनच्या स्मरणांतून काढून टाकावें. नाहीं तर त्याच नांवाचें दुसरें कोणतेंही वाय-फाय भेटतांच फोन आपण होऊन त्यास जोडला जाण्याचा संभव असतो.

इतकेंही करून पैसे गेलेच, तर घरांत लपवून ठेवूं नये. वडील मंडळी संकोचानें गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळांत पैसा एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जाऊन हाताबाहेर होतो. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेस कळवावें. मुलांनींही अशा वेळीं वडिलांस दोष देत बसूं नये. आधीं फोन लावून द्यावा.

दारीं आलेल्या अनोळखी मनुष्यानें ओळखीचें नांव सांगितलें, म्हणून आपण त्याच्या हातीं तिजोरीची किल्ली देत नाहीं. हा घरचा शहाणपणा प्रवासांतही आपल्याबरोबर असूं द्यावा, इतकीच विनंती.