मुंक यांची ‘मॅडोना’



मॅडोना म्हटले की बाळ येशूला कुशीत घेतलेली मेरी, असेच युरोपातले चित्रकार शतकानुशतके रंगवत आले. नॉर्वेच्या एडवर्ड मुंक यांनी १८९०च्या दशकात या विषयाला हात घातला, आणि तिच्या कुशीतून बाळच काढून घेतले.

त्यांची मॅडोना कंबरेपर्यंत विवस्त्र आहे. एक हात डोक्यामागे, दुसरा पाठीमागे. डोळे मिटलेले, काळे केस मोकळे सुटलेले. मागे गडद रंगांचे पट्टे घुमताहेत आणि डोक्यावरचे वलय चक्क लाल आहे. क्षण प्रणयाचा, पण या चेहऱ्यावर तृप्ती आहे की प्राण गेल्यानंतरची शांतता, हे सांगणे कठीण.

मग बाळ कुठे गेले? ते भेटते शिळाछापात. १८९५ साली मुंक यांनी हीच स्त्री दगडावर रेखाटून तिचे ठसे काढले. १९०२मध्ये त्यांत रंग आणले. त्या ठशांत तिच्याभोवती एक चौकट आहे. चौकटीत शुक्रजंतू वळवळताहेत आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला आहे एक खंगलेला गर्भ. हात छातीशी, डोळे मोठे, धास्तावलेले. आईचे त्याच्याकडे लक्षही नाही.

मुंक पाच वर्षांचे असताना, १८६८ साली, त्यांची आई क्षयाने गेली. १८७७मध्ये थोरली बहीण सोफी त्याच रोगाने गेली. मुंक यांनी लग्न केले नाही. प्रेम, जन्म आणि मरण यांची त्यांच्या मनात फारकत झालीच नाही. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा आत जे सलते ते रंगवायचे, ही त्यांची रीत; जर्मन अभिव्यक्तिवाद्यांनी म्हणूनच त्यांना आपला पूर्वसूरी मानले.

स्त्रीला देवीही करायचे आणि तिची धास्तीही घ्यायची, ही पुरुषी नजर या चित्रात आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. तरीही आईपणाच्या गोडव्याआड दडलेली भीती इतक्या उघडपणे मांडणारी चित्रे थोडी.

या ठशाच्या प्रती पुस्तकांत पुष्कळदा चौकट छाटून छापतात. तशी प्रत हाती आली तर तिच्यावर थांबू नका. चौकटीसकट छापलेली शोधा. अर्धे चित्र त्या चौकटीत आहे.