पसंतीची यादी

वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी हातीं आली कीं घरांतील मंडळींना वाटतें, मूल डॉक्टर झालें, आतां काळजी मिटली. अमेरिकेंत मात्र नुसत्या पदवीवर रोगी तपासण्याचा परवाना मिळत नाहीं. पदवीनंतर एखाद्या रुग्णालयांत निवासी वैद्य, म्हणजे रेसिडेंट, म्हणून उमेदवारी करावी लागते. सामान्य वैद्यक किंवा बालरोग यांसाठीं ती ३ वर्षांची, शस्त्रक्रियेसाठीं ५, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं ७ वर्षांची असते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ सालीं उघडलें. तेथें ऑस्लर व हॉल्स्टेड या आचार्यांनीं ही पद्धति रुजविली. तरुण वैद्य रुग्णालयांतच राहत, रात्रंदिवस रुग्णांजवळ असत, म्हणून त्यांस निवासी हें नांव पडलें.

मुंबई, पुणें, नागपूर येथून एम्.बी.बी.एस्. होऊन दरवर्षीं कांहीं मुलगे-मुली या उमेदवारीसाठीं अमेरिकेची वाट धरतात. भारतांत पदव्युत्तर प्रवेश बहुतांशीं एका परीक्षेंतील क्रमांकावर ठरतो. तेथें परीक्षा तर आहेतच, पण रुग्णालय अर्ज वाचतें, मुलाखत घेतें, आणि पसंती दोन्ही बाजूंची लागते. हा फरक ध्यानांत न आल्यामुळें चांगले हुशार विद्यार्थीही अखेरच्या पायरीवर चुकतात. ती पायरी म्हणजे पसंतीची यादी.

ही यादी कां आली, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. १९४४ च्या सुमारास अमेरिकन रुग्णालयें चांगल्या विद्यार्थ्यांसाठीं इतकीं उतावीळ झालीं होतीं कीं, पदवीस २ वर्षें अवकाश असतांनाच नेमणुका ठरत. १९४५ सालीं महाविद्यालयांनीं ठरविलें कीं, ठराविक काळापूर्वीं विद्यार्थ्याची माहिती रुग्णालयांस द्यावयाची नाहीं. ती घाई थांबली, पण दुसरें संकट उभें राहिलें. रुग्णालयाचें बोलावणें आल्यावर उत्तर देण्यास १९४५ सालीं १० दिवस मिळत. १९४९ सालीं १२ तासांची मुदतही फार वाटूं लागली. तिसऱ्या पसंतीच्या रुग्णालयाचें बोलावणें आलें आहे, पहिल्या पसंतीकडून अद्याप निरोप नाहीं, आणि घड्याळ पुढें सरकतें आहे. अशा वेळीं मुलानें करावें काय? होकार द्यावा तर मनांतलें स्थान जातें, नकार द्यावा तर हातचेंही जाण्याची भीति.

तेव्हां सर्वांच्या याद्या एका मध्यवर्ती कचेरींत गोळा करून जुळणी करावी, असा तोडगा निघाला. पहिल्या योजनेंत एक दोष होता : खरी पसंती लिहिणाऱ्यालाच तींत कधीं कधीं तोटा होई. हा दोष १९५१ सालीं विद्यार्थ्यांनींच दाखवून दिला. त्यानंतर पद्धति बदलली, आणि १९५२ सालीं पहिली जुळणी झाली. अमेरिकेंत तिला ‘मॅच’ असें म्हणतात. आज दरवर्षीं ४० हजारांहून अधिक जागा तिच्यांतून भरल्या जातात.

वर्षाचा क्रम असा असतो. सप्टेंबरांत अर्ज जातात. ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती होतात. २०२० पासून त्यांतील बहुतेक संगणकाच्या पडद्यावरच होऊं लागल्या आहेत. त्यानंतर विद्यार्थी आपल्या पसंतीनें रुग्णालयांची यादी करतो आणि प्रत्येक रुग्णालय उमेदवारांची. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारीं निकाल लागतो आणि १ जुलैच्या सुमारास काम सुरू होतें.

आतां यादी कशी लिहावी? येथें घरांतील वडील मंडळींचा व्यवहारी सल्ला आडवा येतो. मुलीसाठीं स्थळें पाहतांना मोठ्या घराकडे आधीं विचारणा केली आणि तेथून नकार आला, तर मधलें स्थळ तोंवर हातचें निघून जातें, हा घरोघरचा अनुभव आहे. तोच न्याय लावून ते म्हणतात : ‘‘नामांकित रुग्णालय पहिलें लिहूं नकोस, जेथें खात्रीनें घेतील तेंच वर लिही.’’ सल्ला मायेचा असतो, पण या ठिकाणीं तो चुकीचा आहे.

एक विद्यार्थिनी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावी. तिच्या यादींत पहिलें शिकागोचें रुग्णालय आहे, दुसरें डेट्रॉइटचें. शिकागोस २ जागा आहेत, डेट्रॉइटला १. संगणक तिचें नांव प्रथम शिकागोकडे नेतो. तेथें तिच्याहून वरच्या क्रमांकाचे दोन उमेदवार आधींच असल्यामुळें तिला नकार मिळतो, व नांव डेट्रॉइटकडे जातें. तेथील जागा तोंवर एका मुलाला दिलेली आहे. मात्र ती तात्पुरती. डेट्रॉइटच्या यादींत ही मुलगी त्याच्याहून वर असेल, तर जागा तिला मिळते आणि त्या मुलाचें नांव त्याच्या पुढच्या पसंतीकडे जातें. म्हणजे शिकागोचें दार आधीं ठोठावल्यामुळें डेट्रॉइटला ती उशिरा पोहोंचली, पण त्या उशिराबद्दल तिला कांहींच भरावें लागलें नाहीं. सर्व नांवें फिरून होईपर्यंत कोणतीच जागा पक्की होत नाहीं, हें या पद्धतीचें मर्म आहे.

गेल व शॅप्ली या गणितज्ञांनीं १९६२ सालीं अशा जुळणीचें गणित मांडलें, तेव्हां त्यांनींही उदाहरण विवाहाचें घेतलें होतें. पुढें अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञानें डॉक्टरांच्या जुळणीचा अभ्यास केला, आणि १९९८ पासून ती विद्यार्थ्यांच्या यादीपासून आरंभ करणाऱ्या सुधारलेल्या रीतीनें होऊं लागली. रॉथ व शॅप्ली यांस २०१२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या सर्व गणिताचा विद्यार्थ्यापुरता अर्थ एका वाक्यांत सांगतां येतो : जें मनापासून हवें तें पहिलें लिहावें, त्याखालोखाल हवें तें दुसरें, आणि असेंच शेवटपर्यंत.

यासंबंधीं दोन पथ्यें मात्र पाळलीं पाहिजेत. निकाल दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. म्हणून जेथें जाण्याची मुळींच इच्छा नाहीं तें नांव यादींत घालूं नये. आणि जेथें जाण्याची तयारी आहे असें, मुलाखत झालेलें, एकही नांव आळसानें किंवा अभिमानानें गाळूं नये. मुलाखतीनंतर गोड पत्रें येतात, त्यांवर यादी बेतूं नये. आपला क्रमांक कितवा लावला, हें विद्यार्थ्यास विचारण्याची रुग्णालयांस मनाई आहे. स्तुति करण्यास मात्र कोणालाच मनाई नाहीं.

अर्थात् यादी कितीही प्रामाणिक असली तरी ती जागा निर्माण करूं शकत नाहीं. ज्या रुग्णालयानें आपल्या यादींत नांवच घेतलें नाहीं, तेथें जुळणी होत नाहीं. त्यासाठीं आधींचे कष्ट हवेत. परदेशीं शिकलेल्या डॉक्टरास १९५६ सालीं स्थापन झालेल्या ई.सी.एफ.एम्.जी. या संस्थेचें प्रमाणपत्र लागतें, आणि त्यासाठीं परवाना-परीक्षेच्या पहिल्या दोन लेखी पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पहिलीचे गुण २०२२ पासून कळविले जात नाहींत, केवळ उत्तीर्ण कीं अनुत्तीर्ण एवढेंच कळतें. त्यामुळें दुसरीच्या गुणांचें वजन वाढलें आहे. शिफारसपत्रें एका रुग्णालयास जास्तींत जास्त ४ पाठवितां येतात. तीं मोठ्या नांवाच्या माणसाकडून घेण्यापेक्षां ज्यानें विद्यार्थ्याचें काम रोज पाहिलें त्याच्याकडून घ्यावींत. आत्मनिवेदनांत ‘‘लहानपणापासून रुग्णसेवेची आवड’’ हें वाक्य हजारोंनीं लिहिलेलें असतें. त्याऐवजीं एखादा रुग्ण, त्याच्या बाबतींत काय चुकलें, काय उमगलें, एवढें साधेपणानें सांगितलें तरी वाचणारा थांबतो.

इतकें करूनही कांहींजणांची जुळणी होत नाहीं. निकालाच्या आठवड्यांतील सोमवारींच तें कळतें, आणि उरलेल्या जागांसाठीं गुरुवारपर्यंत पुन्हां अर्ज करतां येतात. ते चार दिवस कठीण असतात. त्या वेळीं घरच्यांनीं ‘‘आम्ही सांगत होतों’’ हे शब्द उच्चारूं नयेत. यादी खरी लिहिल्यामुळें जागा गेली, असें कधींच घडत नाहीं. मुलाच्या मनांत तसा सल मात्र जन्मभर राहूं शकतो.

१९५१ सालच्या त्या विद्यार्थ्यांनीं भांडून मिळविलें तें हेंच, कीं मनांत एक व कागदावर दुसरें असें तरुण माणसास करावें लागूं नये. तेव्हां यादीच्या रात्रीं वडिलांनीं पैशाची, अंतराची, थंडीवाऱ्याची जी माहिती असेल ती जरूर सांगावी, आणि मग उठून जावें. जुलैपासून रात्रीं रुग्णाच्या उशाशीं जागणार तें मूल आहे. क्रम त्यानेंच लिहावा.